सोलापूरचं घड्याळ काढायचं झालं तर

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? झाली असतील तर जरा मनगटाकडं बघा. माझ्या मनगटावर वडलांचं एचएमटी जनता आहे, 17 ज्वेलवालं. रोज सकाळी चावी द्यायची, विसरलो की दुसऱ्या दिवशी कधीतरी गप्प बसतंय. वडील मिलमध्ये होते आणि मिलच्या भोंग्याच्या पाच मिनिटं पुढं हे घड्याळ लावायचे, का तर गेट बंद व्हायच्या आत पोचलं पाहिजे.

तर विषय असा की महागड्या मेकॅनिकल घड्याळांत शहरच डायलवर आणायची एक हौस असतीय. पॅरिसचंच बघा, व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स नावाच्या कंपनीनी 2010 मध्ये एक लेडीज घड्याळ काढलं, डायलवर मिनाकामातला पूल, एका बाजूनं छत्री घेतलेली बाई निघते ती तास दाखवते, दुसऱ्या बाजूनं गुलाब घेतलेला माणूस येतो तो मिनिटं दाखवतो, आणि बाराच्या ठोक्याला दोघं पुलाच्या मधोमध भेटतात. दिवसातनं दोनदाच बरं का! आणि भेटून झालं की दोघंही टणकन मागं पहिल्या जागेवर. आता ही काय बॅटरीची करामत नाही, आत स्प्रिंग, दातऱ्या आणि तरफा, बास. किंमत मात्र विचारू नका, जेवण पचायचं नाही.

दुसरी गंमत जगाची वेळ दाखवणाऱ्या घड्याळांची. कडेनं लंडन, न्यूयॉर्क, टोकियो अशी शहरांची नावं, पण बहुतेकांत एकेका तासाचे 24 भागच असतात, मग आपण ग्रीनविचच्या साडेपाच तास पुढं, त्या साडेपाचातलं अर्ध जायचं कुठं? वशेरॉन कॉन्स्टंटिन या स्विस कंपनीनी 2011 मध्ये 37 वेगवेगळ्या ठिकाणच्या वेळा दाखवणारं काढलं, त्यात अर्ध्या आणि पाऊण तासवाल्यांची सोय झाली. मला विचाराल तर त्या पुलापेक्षा हे काम भारी, डायलवर चित्र काय, चांगला कारागीर काढतोच की ओ.

मग सोलापूरचं घड्याळ काढायचं झालं तर डायलवर काय? सिद्धेश्वर तलाव, भुईकोट, इंद्रभवन, हे लगेच कुणीबी सांगंल. उंच म्हणाल तर आपल्याकडं चिमण्याच, आणि त्यातली साखर कारखान्याची 2023 ला विमानांच्या वाटेत येते म्हणून पाडली. म्हणून मी म्हणतो डायल कोरा ठेवा, सोलापूर ऐकू आलं पाहिजे.

मिनिट रिपीटर नावाचा प्रकार असतो, कडेची पट्टी सरकवली की आतल्या दोन बारीक हातोड्या तारेवर वाजतात, आधी तास, मग पाव तास, मग वरची मिनिटं. घड्याळाला मोजता कसं येतं? आत पायऱ्या पायऱ्यांची गोगलगायीसारखी एक चकती असते, तासांची असंल तर 12 पायऱ्या, एक दांडी त्या पायरीवर जाऊन टेकते, ती जितकी खोल जाईल तितके ठोके. आता आपल्या चादरीचं आठवा, जेकार्ड मागावर पुठ्ठ्याला भोकं पाडलेली असतात, भोक असंल तिथं सुई आत जाते, नसंल तिथं अडते, आणि त्यातनं मोर उठतो. तिकडं पायरी, इकडं भोक, एवढाच काय तो फरक! आपल्या विणकरांच्या पूर्व भागातल्या एखाद्या जेकार्डवाल्या मामांपुढं ते रिपीटर उघडून ठेवलं तर दहा मिनिटांत म्हणतील, हात्तिच्या, एवढंच व्हय.

फक्त माझी एक अट आहे, त्या नाजूक टिंग टिंगच्या जागी भोंगा पाहिजे. एवढ्याशा डबीतनं भोंगा कसा काढायचा ते स्वित्झर्लंडवाल्यांनी बघावं.

बरं मंडळी, स्टुडिओच्या घड्याळात आत्ता दोनला पाच कमी आहेत. माझ्या हातातल्यात दोन वाजले, त्यामुळं मी निघतो.