टेस्टोस्टेरॉन कमी आलंय आणि बाळ हवंय? इंजेक्शन घ्यायच्या आधी हे बघा

परवा दुपारी साडेतीनला एक दादा आमच्या लॅबमध्ये आले, शर्टच्या खिशात चार घड्या घातलेली चिठ्ठी, आणि आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं. सिमेन टेस्टमध्ये, म्हणजे वीर्याच्या तपासणीत, काउंट (शुक्राणूंची संख्या) मिलिलिटरमागे एक कोटीच्याही खाली आलेला, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं, एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी हार्मोन), प्रोलॅक्टिन, अशा चार हार्मोन्सच्या रक्ताच्या टेस्ट. मी म्हटलं आज नको, उद्या सकाळी दहाच्या आत या, उपाशीपोटी. कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं, जेवल्यावरही कमी दिसतं, मग धडधाकट माणसाचा रिपोर्ट पण कमी येतो आणि घरात उगाच टेन्शन. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते आधी सांगा, त्याने काही मशीनवर आकडे चुकतात.

आता हे आकडे वाचायचे कसे, तर एकेकटे नाही, जोडीने. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिचं एलएच वृषणाकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं आणि एफएसएच शुक्राणू बनवायच्या कामाला लावतं. खाली काम होत नसेल तर वरून एफएसएच वाढत जातं, म्हणून शुक्राणू शून्य आणि एफएसएच खूप जास्त असेल तर अडचण बहुतेक वृषणातच असते. शुक्राणू शून्य पण एफएसएच नॉर्मल, वृषणाचा आकारही नॉर्मल, तर शुक्राणू बाहेर आणणारी नळी कुठेतरी बंद असू शकते. आणि एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन तिन्ही कमी असतील तर घाबरू नका, वरून सिग्नलच येत नाहीये, ह्याच्यावर एचसीजी (एलएचसारखंच काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं असतात, महिनोन्महिने घ्यावी लागतात पण बऱ्याच जणांचे शुक्राणू दिसायला लागतात.

पण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन? बाळ हवं असेल तर ते अजिबात नाही! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरीला वाटतं भरपूर आहे, ती एलएच-एफएसएच बंद करते आणि काउंट पार शून्यावर जाऊ शकतो, रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन मात्र मस्त दिसत असतं. बंद केल्यावर काउंट परत यायला कित्येक महिने लागतात, कारण एक शुक्राणू तयार व्हायलाच साधारण 74 दिवस जातात.

ते दादा दुसऱ्या दिवशी सव्वाआठला आले, सोबत वहिनी. सुई काढून कापूस दाबला तेव्हा हळूच म्हणाले, जिममध्ये सहा इंजेक्शनं घेतली होती, ते पण डॉक्टरांना सांगू का? म्हटलं दादा, सगळ्यात आधी तेच सांगा.