वरातीमागून आलेली ३४ मतं

श्रोतेहो, नमस्कार.

३ जानेवारी २०१२ची संध्याकाळ. ठिकाण अमेरिकेतलं आयोवा, म्हणजे मक्याची शेतं आणि डुकरांचे गोठे यांचं राज्य. सात वाजता शाळांच्या सभागृहांत, चर्चमध्ये, वाचनालयांत रिपब्लिकन पक्षाची माणसं जमली. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाचा उमेदवार कोण, यावरचं देशातलं पहिलं मतदान तिथं होतं. त्याला कॉकस म्हणतात. मतदान यंत्र नाही, सरकारी अधिकारी नाही. कुणीतरी उठून आपल्या उमेदवारासाठी दोन शब्द बोलतं, मग चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि चिठ्ठ्या तिथंच मोजायच्या. बराचसा घरगुती मामला!

मध्यरात्र उलटल्यावर पक्षानं आकडे सांगितले. मिट रॉम्नी ३०,०१५. रिक सँटोरम ३०,००७. फरक आठ मतांचा. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या वॉर्डातही एवढ्या फरकावर फेरमोजणीसाठी आरडाओरडा होतो. इथं दुसऱ्या दिवशीचे मथळे रॉम्नींच्या नावानं छापून मोकळे झाले.

आता हे दोघे आठ मतांवर का येऊन ठेपले, ते बघू. रॉम्नींकडे पैसा होता, यंत्रणा होती; पण पक्षातल्या कडव्या परंपरावाद्यांना ते आपले वाटत नव्हते. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना त्यांनीच आरोग्य विम्याची सक्ती करणारा कायदा आणला होता आणि ओबामांच्या ज्या कायद्यावर पक्ष तुटून पडला होता, तो बराचसा त्याच धर्तीचा. गर्भपाताबद्दलची त्यांची भूमिकाही मधल्या काळात बदललेली. शिवाय ते मॉर्मन या वेगळ्या वळणाच्या पंथाचे, त्यामुळे काही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट मंडळी जरा अंतर ठेवूनच होती.

मग रॉम्नी नको, तर कोण? इथंच गाडं अडलं. ऑगस्ट २०११मध्ये आयोवातल्याच एम्स गावच्या नमुना मतदानात खासदार मिशेल बाकमन पहिल्या आल्या, ४,८२३ मतं घेऊन. त्याच दिवशी टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी मैदानात उतरले आणि बाकमनबाईंचा बहर ओसरला. पेरी नोव्हेंबरात एका वादसभेत, आपण बंद करणार असलेल्या तीन सरकारी खात्यांपैकी तिसऱ्याचं नावच विसरले आणि शेवटी ‘ऊप्स’ म्हणाले. मधल्या काळात पिझ्झा कंपनीचे माजी प्रमुख हर्मन केन आपली ‘नऊ-नऊ-नऊ’ करयोजना, म्हणजे नऊ-नऊ टक्क्यांचे तीन कर, घेऊन वर चढले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बाहेर पडले. मग वर आले प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती न्यूट गिंग्रिच.

सँटोरम या सगळ्यात कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. २००६मध्ये पेनसिल्व्हेनियातली सिनेटची जागा सपाटून हरलेला माणूस. पण बिनबाह्यांचा स्वेटर घालून, एका पिकअप गाडीतून, त्यांनी आयोवाच्या ९९च्या ९९ काउंट्या, म्हणजे जिल्हे, पालथ्या घातल्या. कधी कधी ऐकायला मोजून दहा-बारा माणसं. त्यांची सगळी मतं मला पटतात असं अजिबात नाही, पण त्या पायपिटीला दाद द्यावीच लागते.

आणि ती पायपीट फळलीही होती! फक्त कळायला सोळा दिवस लागले. १९ जानेवारीला तपासलेले आकडे आले: सँटोरम २९,८३९, रॉम्नी २९,८०५. म्हणजे ३४ मतांनी सँटोरम पुढे. आठ केंद्रांचे अधिकृत कागद मिळालेच नाहीत. पक्ष आधी म्हणाला, विजेता सांगता येत नाही; मग म्हणाला, सँटोरम. वरातीमागून घोडं. तोवर रॉम्नींनी न्यू हॅम्पशायर जिंकलं होतं. त्यातून १९ तारखेलाच पेरींनी माघार घेऊन गिंग्रिचना पाठिंबा दिला आणि रात्री चार्ल्सटनच्या वादसभेत गिंग्रिच सूत्रसंचालकावरच असे कडाडले, की आयोवाची बातमी पार कोपऱ्यात गेली. दोन दिवसांनी गिंग्रिचनी साउथ कॅरोलिना ४० टक्के मतं घेऊन मारलं.

म्हणजे परंपरावाद्यांचे आता दोन दावेदार. कुणीच कुणासाठी बाजूला होईना. ६ मार्चला ओहायोत सँटोरम रॉम्नींपेक्षा सुमारे एक टक्क्यानं मागे पडले, आणि गिंग्रिचना तिथं १४-१५ टक्के मतं पडली होती. ती सगळी सँटोरमना गेली असती, असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये. काही रॉम्नींकडेही गेली असती. पण फरकच मुळी एवढासा होता. १० एप्रिलला गेटिसबर्गमध्ये सँटोरम थांबले. मेच्या अखेरीस टेक्सासच्या निकालानं रॉम्नींनी, पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींचा आवश्यक १,१४४चा आकडा ओलांडला.

पण आयोवाची गोष्ट इथं संपत नाही. त्या रात्रीचं चिठ्ठ्यांचं मतदान कुणावरही बंधनकारक नव्हतं. चिठ्ठी टाकून बरीच मंडळी घरी जातात. मागे थांबलेली माणसं पुढच्या काउंटी अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडतात, आणि तिथून पायरीपायरीनं राष्ट्रीय अधिवेशनाचे. मतांत तिसरे आलेल्या टेक्सासच्या खासदार रॉन पॉल यांच्या कार्यकर्त्यांनी हे नीट वाचून ठेवलं होतं. ते थांबले. ऑगस्टमध्ये टँपाच्या अधिवेशनात राज्यांची नावं पुकारली गेली, तेव्हा आयोवाच्या २८ मतांपैकी रॉम्नींना ६ पडली आणि रॉन पॉलना २२. सँटोरमना एकही नाही.

नमस्कार.