दोरा, नट आणि ठाणे-वाशी लोकल

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नववी-दहावीला सायन्स आणि गणित शिकवतो, आणि आज तुम्हाला एका दोऱ्याबद्दल सांगणारे. दोरा म्हणजे आपला शिवणाचा साधा दोरा, तीस सेंटिमीटर, खाली एक लोखंडी नट बांधलेला, झालं, एवढीच आमची प्रयोगशाळा.

वर्गात आधी प्रश्न टाकला. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये हा दोरा धरून उभं राहिलात तर तो सगळ्यात जास्त मागे कधी जाईल, गाडी सुटल्यावर स्पीड घेताना की फुल स्पीडला असताना? बहुतेकांनी हात वर केले, फुल स्पीडला! मी काही बोललो नाही. पूर्वी बोलायचो, लगेच चूक म्हणून फळ्यावर सूत्र लिहून मोकळा व्हायचो, पोरं ते पाठ करून मार्कही आणायची, पण डोक्यात तेच, वेग जास्त तर ओढ जास्त. आता म्हणतो, शेजारच्याला पटवून दे, दोन मिनिटं. हार्वर्डला एरिक माझूर म्हणून फिजिक्सचे प्रोफेसर, त्यांनी १९९१ च्या सुमारास हे सुरू केलं, आधी प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद, मग परत उत्तर. गोंगाट होतो बरं का, बाजूच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या.

मग रविवारी निघालो. मेगाब्लॉक आहे का ते आधी बघून घ्या, आम्ही एकदा नाही बघितलं. गाडी सुटली, दोरा मागे कलला, पोरांनी पट्टी आडवी धरली, नट दीड सेंटिमीटर मागे. पुढे गाडी एकसारखी धावायला लागली तर दोरा सरळ खाली! एक मुलगी म्हणाली, "सर, गाडी थांबली का?" आणि खिडकीबाहेर खांब तर पळतायत.

आता हिशोब. दीड भागिले तीस म्हणजे ०.०५, कोन लहान आहे म्हणून हाच साधारण तो दहावीचा टॅन थीटा, म्हणजे दोरा किती कलला त्याचं माप, त्याला ९.८ ने, म्हणजे गुरुत्व त्वरणाने गुणा, गाडीचं त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर आला, जवळजवळ अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. हे वीस सेकंद टिकलं तर गाडी ताशी ३६ किलोमीटरला पोचते. अर्थात दोरा झुलतो, रीडिंग हलतं, एका ग्रुपचं तर दुप्पट आलं, आणि मग कोणाची पट्टी तिरकी होती यावर तुर्भ्यापर्यंत जे भांडण रंगलं ते मी मुद्दाम सोडवलं नाही.

बरं, आता तुमच्यासाठी. तलावपाळीवरनं एक गॅसचा फुगा घ्या, कारमध्ये मागच्या सीटवर कोणालातरी त्याचा दोरा धरायला सांगा, फुगा वर टपाला टेकू द्यायचा नाही, काचा सगळ्या बंद. गाडी झटकन सुटली की फुगा कुठे जाईल, मागे की पुढे? उत्तर आज सांगत नाही. आधी घरातल्या सगळ्यांचा अंदाज कागदावर लिहून घ्या, सह्यांसकट, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात मी हेच म्हटलं होतं.