टोपली उलटी करून पाहा

येताना मी वजनकाटा, हातमोजे आणि एक जुनी ताडपत्री आणली आहे. माझ्या बोलण्यापेक्षा त्यांचाच उपयोग जास्त होईल. पण बोलायला बोलावलंय, तर बोलतो.

कचरा कमी करायचा म्हटलं की आपण आधी रंगीत डबे विकत आणतो. म्हणजे सुरुवातच खरेदीने! त्याऐवजी आठवडाभर घरातला कचरा नुसता तोलून पाहा. मी पहिल्यांदा तोलला, तेव्हा प्लॅस्टिकच भरपूर निघेल अशी खात्री होती. डोळ्यांना ते भरपूर दिसलंही. काटा मात्र खाली गेला तो ओल्या ढिगाने. त्याच्या तळाशी एक न फोडलेलं पाकीट होतं, मुदत टळलेलं. आणणारा मीच.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेला आकडा बघा: २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. आपण नावं ठेवतो दुकानांना आणि उपाहारगृहांना.

हे ओलं कचरा डेपोत गेलं की ढिगाखाली दबतं. तिथे हवा पोचत नाही, म्हणून ते सडताना मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो, वजनाला वजन धरलं तर, कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता अडवतो. त्याच देठा-सालींना हवा मिळू दिली, तर खत होतं. पुस्तकात त्यासाठी कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण ३०:१ च्या आसपास लिहिलेलं असतं; वाळक्या पाल्यात कार्बन जास्त, ओल्यात नायट्रोजन. घरी ते कोण मोजणार? डबाभर ओलं टाकलं की दोन डबे वाळका पाला टाका. मग मूठभर उचलून दाबा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाला कमी पडलाय, आणि वास येतो तो बहुधा त्यामुळेच. मोठ्या ढिगाच्या पोटात ५५-६० अंशांपर्यंत उष्णता चढते. घरच्या लहान डब्यात तेवढी ऊब धरत नाही; खत होतं, पण सावकाश. घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

सुक्याचं थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा वापरला, तर खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पण तो तुमच्या टोपलीतून सुटा निघाला तर! तेलकट खरकट्यात बुडालेला कागद तर पुन्हा कागद व्हायचाच नाही.

आता ऑफिस. मी नोकरी करायचो तिथे प्रत्येक टेबलाखाली एक टोपली होती. बसल्या जागी हात खाली केला की कागद, कप, उष्टं सगळं एकत्र. पुढे त्या टोपल्या उचलल्या आणि मजल्यावर एकाच जागी तीन डबे मांडले. पहिला आठवडा नुसती कुरकुर, त्यात मी आघाडीवर. पण उठून जावंच लागत असल्यामुळे माणूस क्षणभर डब्यांसमोर थांबतो आणि योग्य डबा बघतो. भिंतीवरच्या पोस्टरांनी वर्षभरात जमलं नव्हतं ते. प्रिंटरला एकदा ‘दोन्ही बाजूंनी’ असं कायमचं लावून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. रोज कुणाला आठवण करावी लागत नाही.

असो. दाराशी सभागृहाची टोपली आहे, सकाळपासून भरतेय. दोघं-तिघं पुढे या, ताडपत्री अंथरा. काटा आधी शून्यावर आणा.