सैंधवही मीठच

आत्ता पहिल्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, ‘मले तर काहीच होत नाही, मग बीपीची गोळी काहून घ्यायची?’ काकू, बीपी दुखत नाही, म्हणूनच ते मोजावं लागतं. पाच मिनिटं निवांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-सुपारीचा खर्रा तर नकोच. (मागे कुणीतरी पुडी खिशात सरकवली, दिसली मला.)

मी वैद्य, तेव्हा एखाद्या औषधाचं नाव ऐकायला तुम्ही आलाहात. घ्या नाव: सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचा तिचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडात तिच्या मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. जगभर ते वापरलं गेलं, आणि मग दिसू लागलं, की काहींचं मन खचतं, नाक चोंदतं, नाडी मंदावते. मुळीत खरंच गुण आहे, म्हणूनच तिचा अपायही खरा आहे. दुकानातून सर्पगंधेची वटी आणून आपल्या मनानं सुरू करू नका. डॉक्टरांची चालू गोळी तर मुळीच सोडू नका.

माझीच एक चूक सांगतो. एक गृहस्थ होते. गोळ्या वेळेवर, रोज फुटाळा तलावावर चक्कर, तरी वरचा आकडा 160 च्या खाली उतरेना. मी दोन महिने काढे बदलत बसलो. एकदा बोलता बोलता त्यांनी गालातून काडी काढली. जेष्ठमध! खोकल्यासाठी दिवसभर चघळायचे. जेष्ठमध शरीरात सोडियम अडवून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं, दाब चढतो. ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून ते बोलले नव्हते, आणि मीही विचारलं नव्हतं. काडी सुटली, आकडा उतरायला लागला.

आता ताटाकडे या. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ नावाच्या विभागात, पहिल्याच अध्यायात, तीन द्रव्यं अति खाऊ नका म्हटलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ. आपल्या पापडात पापडखार आणि मीठ, दोन्ही. बाजूला लोणचं, सांडगी मिरची, सकाळी तर्री-पोह्यांवर मूठभर शेव. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. ‘आम्ही सैंधव खातो’ हे मला रोज ऐकू येतं. चरकानं सैंधवाला लवणांत पहिला मान दिलाय, कबूल. पण तेही सोडियम क्लोराईडच, आणि ‘अति नको’ या सांगण्यातून त्याला सूट नाही.

मे महिन्यात मात्र उलटही होतं. पंचेचाळीस डिग्रीत घाम वाहतो, त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असली, की दाब जास्तच उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा, मात्रा तेच बदलतील.

चला, मशीन आणलंय. एकेक करून या. खर्रावाले अर्धा तास थांबतील.