आधी पैसे, मग सहल

नमस्कार श्रोतेहो.

पॅकेज टूरचा व्यवहार म्हटला तर जरा अजबच. निघायच्या कितीतरी दिवस आधी आपण पूर्ण पैसे भरून मोकळे होतो आणि हातात असतं फक्त माहितीपत्रक. बरं, ते पैसे कंपनीकडे नुसते पडून नसतात. आधी जाऊन आलेल्यांच्या हॉटेलांची बिलं त्यातून चुकती होतात, पुढच्या हंगामाची विमानं ठरतात. म्हणजे आपला अॅडव्हान्स हेच कंपनीचं खेळतं भांडवल! आणि मग कंपनीचं दिवाळं वाजलं, तर देणेकऱ्यांच्या दाराशी आपण उभे राहतो ते रांगेच्या शेवटी.

ब्रिटनमध्ये 1974 साली हेच घडलं. कोर्ट लाइन या कंपनीची जहाजबांधणी होती, विमानं होती आणि क्लार्कसन्स ही मोठी सहल कंपनीही तिच्याच मालकीची होती. जूनमध्ये सरकारने तिचा जहाजबांधणीचा धंदा ताब्यात घेण्याचं जाहीर केलं. तेव्हा मंत्री टोनी बेन यांनी संसदेत केलेल्या निवेदनावरून लोकांनी अर्थ काढला, की चला, या उन्हाळ्याच्या सहली तरी पार पडणार. 15 ऑगस्टला कंपनी बुडाली. हजारो लोक परदेशात अडकले आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांनी पैसे भरले होते, पण ते अजून घरीच होते. पुढे संसदेच्या लोकपालांनी चौकशी केली आणि सरकारलाही या प्रकरणातून हात झटकता येणार नाहीत, असा ठपका ठेवला.

सहल कंपन्यांना परवाना घेण्याची सक्ती त्याआधीच, 1973 पासून, सुरू झाली होती. पण हमी म्हणून घेतलेली रक्कम एवढं मोठं दिवाळं निस्तरायला पुरणारी नव्हती. म्हणून 1975 मध्ये कायदा करून राखीव निधी उभारला गेला. सुरुवातीचं कर्ज सरकारने दिलं, नंतर कंपन्यांच्या विक्रीवर अधिभार लावला. आज तिथे विमानाने जाणाऱ्या प्रत्येक पॅकेज प्रवाशामागे कंपनी अडीच पौंड या निधीत भरते. मला स्वतःला ही व्यवस्था आवडते. एकाचं दिवाळं निघालं तर भार सगळ्या धंद्यावर पडतो, एकट्यादुकट्या ग्राहकावर नाही.

पण कंपनी बुडत नाही, फक्त थापा मारते, तेव्हा काय? एका ब्रिटिश वकिलाचा खटला यासाठी आठवतो. त्याने स्वित्झर्लंडच्या सहलीसाठी 63 पौंड 45 पेन्स भरले. माहितीपत्रकात पाहुण्यांचा मेळा, दुपारच्या चहाबरोबर केक, एका संध्याकाळी डोंगरी गाण्यांची मैफल असं सगळं होतं. दुसऱ्या आठवड्यात हॉटेलात पाहुणा म्हणून तो एकटाच उरला. मेळा कोणाशी जमवायचा? केकऐवजी बटाट्याचे वेफर्स आले. गायक आला तो कामाच्या कपड्यांतच, भराभरा चार-पाच गाणी म्हणून निघून गेला. 1972 मध्ये अपील न्यायालयाने त्याला 125 पौंड भरपाई दिली, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. विकला होता तो आनंद, तो मिळाला नाही, तर त्याचीही भरपाई द्यायला हवी, हे न्यायालयाने मान्य केलं.

1990 मध्ये युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाने, सदस्य देशांसाठी काढलेल्या निर्देशाने याला सरकारी नियमाचं बळ दिलं. हॉटेलवाला चुको की बसवाला, ग्राहकाला उत्तर द्यायचं ते पॅकेज विकणाऱ्याने. 2018 पासून लागू झालेले नियम आणखी काटेकोर आहेत. किंमत आठ टक्क्यांहून जास्त वाढवली, तर ग्राहक दंड न भरता सहल रद्द करू शकतो. निघायला वीस दिवसांहून कमी उरले असतील, तर वाढ करताच येत नाही. आणि कंपनीने सहल रद्द केली, तर चौदा दिवसांत पैसे परत. 2020 मध्ये कोविडच्या काळात अनेक कंपन्यांनी रोख परत देण्याऐवजी व्हाउचर पुढे केली. त्यावर युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने स्पष्ट केलं, की व्हाउचर घ्यायचं की नाही हे ग्राहकाने ठरवायचं.

2019 च्या सप्टेंबरमध्ये थॉमस कुक ही ब्रिटनची जुनी सहल कंपनी बुडाली. ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने परदेशात असलेल्या सुमारे दीड लाख लोकांना परत आणलं. जर्मनीतल्या तिच्या ग्राहकांच्या बाबतीत मात्र घोळ झाला. तिथे विमा होता, पण एका विमा कंपनीची वर्षाची जबाबदारी 11 कोटी युरोंपुरतीच ठेवलेली. नुकसान त्याच्या कितीतरी पलीकडचं! शेवटी उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून द्यायचं ठरलं आणि 2021 मध्ये तिथेही कंपन्यांच्या पैशांतून निधी उभारण्याचा कायदा झाला.

मूळ दुखणं, म्हणजे आधी घेतलेला पैसा, त्यावर युरोपीय आयोगाने 2023 मध्ये बोट ठेवलं. प्रस्ताव असा होता, की आरक्षणाच्या वेळी साधारणपणे पंचवीस टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत आणि उरलेले, निघायला अठ्ठावीस दिवस उरल्यावरच घ्यायचे. सहल कंपन्यांची यावरची तक्रार अगदीच पोकळ नाही. विमान कंपनी त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे आधीच मागते. मग त्यांनी ते आणायचे कुठून?

नमस्कार.