मुरमावरची डी

(मुलींच्या हॉकीवरच्या माहितीपटाचं निवेदन. पहाटेचं मैदान. दोरी, फक्कीचा डबा, तीन मुली.)

गोलपोस्टच्या बुडाशी दोरीचं टोक धरून बसलीय ती सातवीतली. दुसरं टोक ताणून चालतेय ती नववीतली. आणि तिच्या मागून वाकून येणाऱ्या तिसरीच्या हातात फक्कीचा डबा आहे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेला. दोरीला एका जागी लाल चिंधी बांधलीय. पोस्टपासून चिंधीपर्यंत १४.६३ मीटर.

एका पोस्टपासून पाव वर्तुळ, दुसऱ्या पोस्टपासून पाव वर्तुळ, आणि दोन्हींना जोडणारी ३.६६ मीटरची सरळ रेघ, गोलच्या रुंदीएवढी. झाली डी तयार, गोलपुढची इंग्रजी D च्या आकाराची जागा. हॉकीत गोल धरला जातो तो या रेघेच्या आत हल्ला करणाऱ्या संघाची स्टिक चेंडूला लागली तरच. बाहेरून कितीही सणसणीत मारा, पंच ढुंकून बघणार नाहीत. त्यामुळे ही रेघ वाकडी गेली की पुसून परत. नव्यानं आलेल्या मुलीला इथं पहिल्या आठवड्यात स्टिक मिळत नाही, दोरी मिळते.

हे फलटण तालुक्यातल्या एका शाळेचं मैदान. खाली मुरूम, कडेला बाभळी, पलीकडे ऊस. नीरा उजव्या कालव्याचं पाणी उसाला मिळतं. मैदानाला टँकर, तोही वर्गणी जमली तर.

(टँकरच्या पाण्यानं मैदान भिजतंय. धूळ बसते.)

सातारा जिल्हा म्हटलं की लोक कुस्तीवर येतात. साहजिक आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण हॉकी? ती इकडं कुठली, असं अजून विचारतात. त्यांच्यासाठी दोन गावांची नावं पुरेत. आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे. दोन्ही गावं याच तालुक्यातली, दोघीही भारताकडून खेळलेल्या. जून २०२३ मध्ये जपानला काकामिगाहारात भारताच्या मुलींनी ज्युनियर आशिया चषक पहिल्यांदा जिंकला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून. त्या संघात वैष्णवी होती, आणि सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळही.

या मैदानावर त्यांचे फोटो नाहीत. नावं मात्र रोज निघतात, बहुतेक वेळा ओरडा बसताना.

(जवळून : स्टिक, मनगट, उसळता चेंडू.)

"आधी थांबव. मारायचं नंतर."

सरांचं हे वाक्य एका सकाळच्या चित्रीकरणात इतक्या वेळा आलं, की शेवटी आम्ही ते कापायचं सोडून दिलं. सर शाळेत पीटी शिकवतात, आणि शाळेच्या आधी आणि शाळेनंतर हे. त्यांचं म्हणणं असं, की मारायला कुणालाही येतं, गावात प्रत्येक पोरगं क्रिकेट खेळून आलेलं असतं. चेंडू थांबवणं शिकवावं लागतं.

बघा ही आठवीतली मुलगी. डावा हात स्टिकच्या टोकाला, उजवा खाली, गुडघे वाकलेले. स्टिकची सपाट बाजू एकच, डावीकडची. पाठीमागची गोल बाजू चेंडूला लागली की बॅकस्टिक, फाऊल. म्हणजे डाव्या अंगाला आलेला चेंडू घ्यायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. याला रिव्हर्स म्हणतात. आणि चेंडू स्टिकवर आला की स्टिक ताठ धरायची नाही, किंचित मागं न्यायची, झेल घेताना हात मागं नेतो तशी. ताठ धरली की चेंडू टणकन उडून समोरच्या पोरीच्या ताब्यात.

"सर, उसळला."

"उसळणारच. मुरूम आहे तो. तू खाली बस."

साधारण एकशेसाठ ग्रॅमचा कडक चेंडू मुरमाच्या एका खड्यावर आपटला, की तो गुडघ्यावर येईल की दातावर, काही सांगता येत नाही. त्यामुळे इथल्या मुली चेंडूवर शेवटच्या क्षणापर्यंत नजर ठेवतात. बाहेरून येणारे जाणकार याचं कौतुक करतात. खराब मैदानानं नजर तयार होते, म्हणतात. असेलही. पण हे कौतुक करणाऱ्यांची मुलं अशा मैदानावर खेळत नाहीत.

(स्टिकांची खोली. भिंतीला टेकवलेल्या स्टिका, त्यांवर खडूनं आकडे.)

स्टिका जालंधर-मेरठच्या. नवी क्वचितच येते. मोठीची लहानीला जाते. स्टिक उभी धरली की साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी, एवढं माप बघायचं. वरचा आकडा म्हणजे लांबी, इंचांत. ३४ वाली मुलगी दिवाळीनंतर ३५ वर गेली की तिची स्टिक खाली येते आणि रांगेतली पुढची मुलगी ती त्याच दिवशी घरी घेऊन जाते. ग्रिप उसवली तर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळतात. पावसात घामट हाताला ती विकतच्या ग्रिपपेक्षा बरी धरते, असं मुलींचं मत आहे. सरांचं नाही.

सरांच्या वहीत प्रत्येकीपुढं चार रकाने : स्टिकचं माप, बुटाचं माप, जन्मतारीख, एसटी किती वाजताची. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचा असे शालेय संघ, वाट एकच. जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य. जन्मदाखल्यावर एका महिन्याचा फरक पडला की मुलगी एका गटातून थेट दुसऱ्या गटात, स्वतःपेक्षा दोन हात उंच मुलींसमोर.

(पालखीचा तळ. तंबू, राहुट्या, मैदानभर वारकरी.)

आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते, आणि एका रात्रीपुरतं हे मैदान दिंड्यांचं होतं. सराव बंद. मुली पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या. याबद्दल कुणाची तक्रार नाही, आणि असूही नये.

दुसऱ्या दिवशीचं दृश्य आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ते सहज कॅमेऱ्यात सापडलं. राहुट्या उठल्यावर मैदानात खुंट्यांची भोकं राहतात, आणि खिळे. सगळ्या मुली एका ओळीत, हाताला हात लागेल एवढ्या अंतरावर, बॅकलाइनपासून बॅकलाइनपर्यंत, म्हणजे गोलकडच्या एका टोकाच्या रेघेपासून दुसऱ्या टोकाच्या रेघेपर्यंत, वाकून चालतात. ९१.४ मीटर. मागून एक जण जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून फरपटत नेते. चुंबकाला चिकटलेले खिळे, पिना, एक नेलकटर, एक नाणं. नाणं आधी कुणी पाहिलं यावर वाद.

भोकं बुजवायला मुरूम, वर पाणी, वर रोलर. रोलर ओढायला आठ जणी लागतात.

(इथे निवेदन नाही. रोलरचा आवाज.)

(पेनल्टी कॉर्नरचा सराव. गोलमागच्या फळ्या.)

गोलच्या आतल्या बाजूला ४६ सेंटीमीटर उंचीची फळी असते. पेनल्टी कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्यांनी डीत फाऊल केला की मिळणारी संधी. त्यावर पहिला फटका हिटचा, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला असेल, तर तो या फळीच्या उंचीवरून गोलात गेलेला चालत नाही, फ्लिक, म्हणजे ढकलून उचललेला असेल तर चालतो. ही फळी वाजली की अर्ध्या मैदानाला न बघता कळतं.

पुशर, म्हणजे चेंडू ढकलून देणारी, गोलपोस्टपासून १० मीटरवर, बॅकलाइनवर. डीच्या टोकाला तो थांबवणारी स्टॉपर आणि मारणारी हिटर. समोर गोलकीपर धरून पाच जणी बचावाला, बाकी संघ मध्यरेषेपलीकडे. पुश येतो, चेंडू डीच्या बाहेर थांबवायचा, मग आत घेऊन मारा. कागदावर सोपं आहे. मुरमावर पुश तीनदा टप्पे खातो, स्टॉपरच्या स्टिकवरून निसटतो आणि हिटर हवेत स्टिक फिरवते. परत. परत निसटतो. सर पुशरजवळ जाऊन बसतात, तिचा मागचा पाय हातानं धरून चार बोटं पुढं ठेवतात, काही बोलत नाहीत.

पुढचा पुश सरळ येतो. फळी वाजते.

गोलकीपर आहे ती आठवीतली. तिच्या आज्जी दारातच भेटल्या. "पहाटं उठती, म्हशीचं उरकती आन् जाती. चड्डीवर खेळती म्हून आधी लोक बोलायचे. आता बोलत न्हाईत, पेपरात फोटू आल्यापासनं." लेगगार्ड, किकर, हेल्मेट, सगळं चढवून उभी राहिली की आज्जीही ओळखणार नाहीत.

(पिंपरी, नेहरूनगर. मेजर ध्यानचंद स्टेडियम. टर्फ.)

१९७५ साली क्वालालंपूरला भारतानं विश्वचषक जिंकला, गवतावर. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम हिरवळीवर झाली आणि भारत सातवा आला. पुढं हळूहळू जगातली मोठी हॉकी या कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे टर्फवरच गेली. फलटणच्या त्या मैदानावर अजून १९७५ सालच चालू आहे.

सर वर्षातून जमेल तेव्हा मुलींना टर्फवर आणतात, गाडीभाडं जमवून. बूट काढून उभ्या आहेत त्या पहिल्यांदाच आलेल्या. सामन्याआधी टर्फवर पाणी मारतात, चेंडू सरकावा म्हणून.

(मुली टर्फला हात लावून बघतात. निवेदन नाही.)

पहिली दहा मिनिटं बघा. पास येतो आणि मुलगी उसळीच्या तयारीत गुडघे वाकवून बसते. चेंडू उसळत नाही, स्टिकखालून सपाट निघून जातो. नजर तयार आहे, मनगट तयार आहे, पण ते दुसऱ्याच जमिनीसाठी. समोरच्या मुली एका स्पर्शात पास देतात, आमच्या दोन स्पर्श घेतात, एक थांबवायला आणि एक खात्री करायला. उत्तरार्धात एक-दोघींना ते उमगतं. ती नववीतली, दोरी ताणणारी, डीच्या टोकावर चेंडू घेते, थांबवत नाही, थेट ढकलते. बाहेर जातो. सर उडी मारतात, गोल झाल्यासारखी.

हा सामना हरला. यंदा संघ विभागापर्यंत गेला, दोघींना राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीचं बोलावणं आलं. दहावीनंतर बऱ्याच जणींचा खेळ सुटतो.

(मैदान. संध्याकाळ. सर वही उघडतात.)

पुढच्या जूनला चौदा वर्षांखालच्या संघातून पाच जणी वयानं बाहेर पडतील, गोलकीपर त्यांतलीच. तिचे लेगगार्ड सध्या सहावीतल्या एका मुलीला बांधून बघणं चाललंय. मांडीपर्यंत येतात. ती त्यात वाकू शकत नाही, पण उतरवायलाही तयार नाही. सरांनी वहीत तिच्या नावापुढं जन्मतारीख लिहिली, बुटाचं माप लिहिलं, आणि एसटीचा रकाना मोकळा ठेवला. तिच्या गावाहून पहाटेची गाडी नाही. तिचे वडील सोडायला येतो म्हणालेत, ऊस जाईपर्यंत तरी.